पांढरी चार

"पट्टी कुठली घ्यायची तेवढं सांग," पर्सी म्हणाला. "बाकीचं आम्ही बघतो."

बझील स्वयंपाकघरात स्टुलावर बसून बुटाला पॉलिश करत होता. एकाच बुटाला, गेली पंधरा मिनिटं. दुसरा बूट टेबलाखाली तसाच पडला होता.

"अरे, मी काहीतरी विचारतोय तुला."

"ऐकलं मी."

"मग बोल ना, लेका. दहाला चर्चमध्ये पोचायचंय. डेल्मार बाहेर गाडीत बसलाय ट्रम्पेट मांडीवर घेऊन. त्याला काय सांगू?"

गॅसपाशी एडमी उभी होती. बझीलच्या गेलेल्या बायकोची, क्लोतिल्दची, धाकटी बहीण. दफन झाल्यावर माणसं जेवायला घरी येणार, म्हणून ती सकाळी सहालाच आली होती आणि मोठ्या पातेल्यात तिने राजमा शिजत घातला होता. डाव फिरवता फिरवता, मागे न बघताच ती म्हणाली, "त्याला कशाला विचारतोस, पर्सी? अकरा वर्षं त्याने कुणाला विचारलं होतं?"

पर्सीने टोपी काढून हातात घेतली आणि पुन्हा डोक्यावर ठेवली. बोलणं बझीलला होतं, पण लागलं त्यालाही. त्या अकरा वर्षांत बझीलच्या मागे उभा राहून बास वाजवणारा तोच होता.

त्यांच्या बँडची एक जुनी रीत होती. गाणारं माणूस गेलं की शवपेटी उचलण्याआधी चर्चमध्ये त्याचं गाणं वाजवायचं, आणि ते त्याच्याच पट्टीत वाजवायचं. गाणारा नसतो, पण त्याची जागा मोकळी ठेवायची. आजवर त्यांनी अशी सहा-सात माणसं पोचवली होती. पट्टी कुठली, हे कधी विचारावं लागलं नव्हतं. गाणाऱ्याची पट्टी सगळ्यांना माहीत असते.

क्लोतिल्दची विचारावी लागत होती.

"तिची पांढरी चार," एडमी म्हणाली. "जन्मभर तिने तीच सांगितली. तिची पट्टी तिला परत दे, बझील. एवढं तरी कर."

"गायली मात्र ती खाली, काळी एकमध्ये," बझील म्हणाला. "आवाज तिथे होता तिचा."

"तिचा आवाज कुठे होता ते तू ठरवलंस. तिला कुठे सांगितलंस?"

बझीलने वाकून टेबलाखालचा दुसरा बूट उचलला.

क्लोतिल्दचा जन्म नदीच्या याच काठावरचा, अल्जिअर्स नावाच्या वस्तीतला. समोरच्या काठाला न्यू ऑर्लिन्सचं सगळं शहर, आणि मध्ये फेरीबोट. वडील गोदीत हमाल होते, आई लोकांचे कपडे धुऊन इस्त्री करून द्यायची. सेहेचाळीस साली, एकोणीस वर्षांची असताना, ती पलीकडच्या एका हॉलमध्ये पहिल्यांदा गायला उभी राहिली. पियानोवर बझील होता. त्याने विचारलं, "पट्टी कुठली?" पट्टी म्हणजे काय हेच तिला माहीत नव्हतं. त्याने एकेक सूर दाबून तिला गायला लावलं आणि सांगितलं, "तुझी पांढरी चार. कुणी विचारलं तर हेच सांगायचं, विसरायचं नाही."

तिने ते स्वतःच्या नावासारखं लक्षात ठेवलं. नोटेशन तिला शेवटपर्यंत वाचता आलं नाही, पियानोही वाजवता आला नाही. तिचा कान शब्दांचा आणि लयीचा होता. एखादा शब्द जरासा उशिरा टाकायची आणि ऐकणारा हातातला घास विसरायचा. सुराच्या हिशेबात तिला फक्त पांढरी चार माहीत होती.

दोन वर्षांनी त्यांचं लग्न झालं. मग एका मोठ्या बँडबरोबर ती दोन वर्षं शिकागोपर्यंत बसमधून हिंडली. ज्या हॉटेलांत ती गायची तिथे तिला स्वयंपाकघराच्या दाराने आत जावं लागायचं आणि गाणं संपलं की त्याच दाराने बाहेर. बावन्न साली आई आजारी पडली म्हणून ती परत आली. मोठा बँड पुढे गेला तो गेलाच.

त्या वर्षी बझीलने तिच्यासाठी एक गाणं बांधलं, 'पलीकडचा दिवा'. शहरात गाऊन ती शेवटच्या बोटीने परतायची तेव्हा आजारी आई ओसरीवर दिवा लावून ठेवायची, एवढीच त्यातली गोष्ट. गाण्याच्या शेवटी 'दिवा' या शब्दावर सूर एकदम वर जातो आणि वरच थांबतो. त्रेपन्नमध्ये त्याची रेकॉर्ड निघाली. तिच्या नावावर तेवढी एकच. शहरातल्या खाणावळींत एक उन्हाळा ती वाजली, मग लोकांनी दुसऱ्या कुणाच्या वाजवल्या.

मूल झालं नाही. आठवडाभर क्लोतिल्द शाळेच्या कँटीनमध्ये पोरांना जेवण वाढायची आणि रविवारी दुपारी हिरवा ड्रेस घालून डोफीन बाईंच्या हॉलमध्ये गायची. लग्नं असायची, चर्चचे मेळावे असायचे. अल्जिअर्समध्ये तिला सगळे मिस क्लो म्हणायचे, अगदी पोस्टमनसुद्धा. तिला त्यात कमीपणा वाटत नव्हता. एका गोष्टीचा मात्र तिला फार अभिमान होता. बरोबरीच्या गायिका वय झालं तशा खालच्या पट्टीत उतरल्या, आणि आपण अजून एकोणिसाव्या वर्षाच्या पट्टीत गातो, हे ती चारचौघांत सांगायची.

शहरात रूबी नावाची एक गायिका होती. तिच्यावर तर क्लोतिल्दचा विशेष रोख. "रूबी बघा," ती म्हणायची, "दरवर्षी एक पायरी खाली. आणखी एक उतरली तर नदीत पडेल बया!"

सगळा बँड हसायचा. पर्सी हसायचा, डेल्मार हसायचा. बझीलही हसायचा.

सत्त्याहत्तर साली, तिच्या पन्नाशीला, एका लग्नात 'दिवा' म्हणताना तिचा आवाज फाटला. तिने लगेच खोकल्यासारखं केलं, नवऱ्या मुलाची काहीतरी थट्टा केली आणि वेळ मारून नेली. घरी आल्यावर ती न्हाणीघरात गेली आणि तिने नळ सोडला. बराच वेळ पाण्याचा आवाज येत राहिला. बझील दाराबाहेर टॉवेल घेऊन उभा होता. आत कुणी अंघोळ करत नाही हे त्याला कळत होतं.

पुढच्या रविवारी त्याने तिला न सांगता गाणं एक पायरी खाली घेतलं.

ते अवघड नव्हतं. गाणारी लोकांकडे तोंड करून उभी असते आणि वाजवणारे तिच्या पाठीमागे. मध्येच बोलता येत नाही, म्हणून पियानोवाला गुडघ्याजवळ हात धरून बोटांनी पट्टी सांगतो. बोटं वर की खाली, आणि किती, एवढ्यावर सगळ्यांना कळतं. एक बोट खाली म्हणजे पांढरी चार. त्या दिवशी बझीलने वेगळी खूण केली. पर्सीने भुवया उचलल्या. डेल्मारने ट्रम्पेट ओठाला लावला. 'दिवा' वर गेला आणि थांबला.

"बघितलंस?" गाणं झाल्यावर तिने येऊन बझीलचा दंड धरला. "आज गळा कसा मोकळा लागला! मी म्हणत नव्हते, मधात लाल तिखट घालून घेतलं की उघडतो?"

"हो," बझील म्हणाला.

पुढे त्याने कितीदा तरी विचार केला. त्या वेळी 'हो'ऐवजी दुसरं काही बोललो असतो, तर एक वाईट संध्याकाळ गेली असती. बहुतेक एक वाईट महिना. पण तो हो म्हणाला, आणि ती वर्षभर मधात तिखट घालून पीत राहिली.

अकरा वर्षांत गाणं चार पायऱ्या उतरलं. शेवटी खूण होती पूर्ण पंजा खाली, पाची बोटं. म्हणजे काळी एक. एक खोटं सांभाळायला बाकीची करावी लागली. घरातल्या रेकॉर्ड प्लेअरची सुई मोडली ती त्याने आणलीच नाही, कारण जुनी रेकॉर्ड लावून ती सोबत गाऊ लागली असती तर तिला कळलं असतं. दुसऱ्या कुणाच्या बँडबरोबर गायचं बोलावणं आलं की तो काहीतरी कारण काढायचा. ब्याऐंशी साली पॅरिसहून एक पत्र आलं. तिकडच्या कुणाला तिची ती एकुलती रेकॉर्ड सापडली होती. त्यांनी लिहिलं होतं, बाईंनी यावं, वाजवणारे आमचे असतील. बझीलने परस्पर उत्तर लिहिलं की बाईंना बरं नसतं. पत्र त्याने पियानोच्या स्टुलात ठेवलं. हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही.

अठ्ठ्याऐंशीच्या एप्रिलमध्ये बझीलच्या पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. शनिवारी झालं, आणि रविवारी चार वाजता हॉलमध्ये कार्यक्रम. बदली म्हणून पियानोवर मिस गिदरी यायची होती. कॉलेजात शिकवणारी, पस्तिशीची, नीटनेटकी बाई. या बँडबरोबर ती कधी वाजवायला बसली नव्हती.

तिला आधी सांगायला हवं, बाई काहीही म्हणाल्या तरी काळी एकमध्ये घ्या. बझीलने ठरवलं होतं की सकाळी फोन करू. पण क्लोतिल्द आठ वाजताच शहरातल्या दवाखान्यात आली आणि त्याच्या उशाशी बसली. तिने त्याला चमच्याने सूप पाजलं, दाढी केली, पायांना तेल लावलं.

"तू जा ना घरी," तो म्हणाला. "जरा पड. संध्याकाळी गायचंय."

"गप रे. चाळीस वर्षांत पहिल्यांदा अंथरुणाला खिळलायस, बघू तर दे जरा."

अकरा वाजता तिला आठवण झाली. "अगं बाई, त्या मिस गिदरीला काही सांगितलंच नाही." उशाशीच फोन होता. तिने नंबर फिरवला. बझील पडल्या पडल्या ऐकत होता.

"मी क्लोतिल्द बोलतेय. हो हो, बरा आहे तो, नाटकं करतोय. ऐका, तुम्हाला गाण्यांची यादी पर्सी देईल. शेवटचं 'पलीकडचा दिवा'. पट्टी? पांढरी चार. अहो, विचारता काय! एकोणिसाव्या वर्षापासून तीच." ती हसली. मग तिने रिसीव्हर बझीलच्या कानाशी धरला. "तुला काही सांगायचंय का तिला?"

रिसीव्हर तिच्या हातात होता आणि तिचा चेहरा त्याच्यापासून वीतभर अंतरावर. पलीकडून मिस गिदरी म्हणाली, "बोला सर."

"काही नाही," बझील म्हणाला. "सावकाश वाजवा."

दोन वाजता ती गेली. तिची पावलं जिन्यावर ऐकू येईनाशी झाल्याबरोबर त्याने पर्सीच्या घरी फोन लावला. पर्सीची बायको म्हणाली, तो केव्हाच निघाला. हॉलवर फोन वाजत राहिला, कुणी उचलला नाही. नर्स येऊन ओरडली, "हे काय चाललंय? टाके उसवायचेत का?" त्याने आणखी तीनदा फोन लावला. मग तो भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत पडून राहिला. चार वाजले. साडेचार. 'दिवा' सव्वापाचला येतो.

सहा वाजता क्लोतिल्द परत आली. हिरव्या ड्रेसमध्येच. बाहेर अजून ऊन होतं. ती खुर्चीवर बसली, हातातली पर्स तिने मांडीवर ठेवली.

"किती वर्षं?" तिने विचारलं.

बझीलने डोळे मिटले.

"झोपेचं सोंग घेऊ नकोस. किती वर्षं?"

"अकरा."

ती मान हलवत राहिली, जसं काही कुणीतरी तिला एखादा पत्ता समजावून सांगत होतं. मग तिने झालेलं सांगितलं. सरळ, आवाज न चढवता. 'दिवा'पर्यंत आवाज पोचलाच नाही. नुसती हवा आली. लोकांना वाटलं ठसका लागला. तिने हसून हात वर केला, म्हणाली, पुन्हा घेऊ. तेवढ्यात मागून मिस गिदरी मोठ्याने म्हणाली, "काळी एक? पण बाईंनी तर पांढरी चार सांगितली होती."

"मग मी मागे वळले," क्लोतिल्द म्हणाली. "बेचाळीस वर्षांत मी गाताना कधी मागे वळले नव्हते, बझील. तुम्ही सगळे माझ्या मागे आहात हे मला माहीत होतं, मग बघायचं कशाला? पर्सी हात खाली धरून उभा होता. पाची बोटं. मी बघितल्यावर त्याने हात खिशात घातला. लहान मुलासारखा."

"मग?"

"मग काय. गायले त्या पट्टीत. नीट झालं गाणं. पायात जुनी चप्पल जाते तसा आवाज गेला आत." तिने मांडीवरची पर्स सरळ केली. "तेव्हा मला कळलं, हे नवीन नाही."

"क्लो, तुला वाईट वाटू नये म्हणून मी…"

"मी रूबीला हसायचे," ती म्हणाली. "सगळ्यांसमोर. आणि तुम्ही सगळे माझ्याबरोबर हसायचात."

त्यानंतर ती उठली, त्याचं पांघरूण सारखं केलं आणि सातच्या बोटीने घरी गेली.

ती पुन्हा गायली नाही. भांडणही केलं नाही. ड्रेस तिने धुऊन, इस्त्री करून एडमीला देऊन टाकला. एडमीला तो कमरेत होत नव्हता, तरी दिला. शाळेच्या नोकरीतून ती निवृत्त झालीच होती. आता ती दिवसभर घरात असायची, आणि सोमवारी राजमा, शुक्रवारी मासे, सगळं पूर्वीसारखं करायची. शेजारणींशी बोलायची, हसायची. फक्त भांडी घासताना गुणगुणायची ती बंद झाली. चाळीस वर्षं सकाळी उठल्यावर बझीलच्या कानावर पहिलं ते पडायचं. आता तो उठायचा तेव्हा नुसता नळाचा आवाज यायचा.

पर्सी एकदा पाय ओढत आला. केक घेऊन आला होता, बायकोने केलेला. "मिस क्लो, मला दोन शिव्या द्या, पण बोला."

"बोलतेय की मी, पर्सी. केक छान झालाय म्हणावं."

"रविवारी या ना. नुसत्या बसा."

"नको रे. गुडघे दुखतात."

तो गेल्यावर बझीलने माफी मागितली. त्या चौदा महिन्यांत एकदाच, तीही धड नाही. ती शेंगा सोलत होती. ती म्हणाली, "तू वाईट केलंस असं मी म्हणत नाही. पण मी म्हातारी होतेय हे मला कळायला हवं होतं रे. ते माझं होतं. मी रडले असते, तुला चार दिवस छळलं असतं, आणि मग मीच खाली उतरले असते. एकेक पायरी, माझ्या पायांनी." मग तिने शेंगांची टोपली त्याच्याकडे सरकवली. "ही बाजू तू सोल."

पुढच्या वर्षीच्या जून महिन्यात तिला कावीळ झाल्यासारखं वाटलं. ती कावीळ नव्हती. डॉक्टरांनी स्वादुपिंडाचा कॅन्सर म्हणून सांगितलं आणि सहा आठवडे म्हणून सांगितलं. पाच झाले. शेवटी शेवटी ती पुढच्या खोलीत झोपायची, पियानो तिथेच होता. बझीलने एकदा विचारलं, "काही वाजवू का?"

"कशाला?" ती म्हणाली. रागाने नाही. तिला खरंच कळलं नव्हतं कशाला ते.

त्या वेळी पॅरिसच्या पत्राचं सांगून टाकावं असं त्याला फार वाटलं. तो स्टुलावर बसला होता, पत्र त्याच्या खाली होतं. तो बसून राहिला.

पर्सी अजून स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. बाहेर डेल्मारने एकदा हॉर्न वाजवला. बझीलचे दोन्ही बूट घालून झाले होते.

"पांढरी चार," बझील म्हणाला. "तिची पट्टी घ्या."

एडमीने गॅस बंद केला. तिने चव घ्यायचा चमचा धुतला, पुसला, आणि पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट बघितलं. "टाय वाकडा झालाय," ती म्हणाली आणि स्वतः येऊन सरळ केला.

चर्च भरलं होतं. शाळेतल्या बायका आल्या होत्या, पोस्टमन आला होता. मागच्या बाकावर काठी घेऊन एक म्हातारी बसली होती, ती रूबी होती. तिला बोलावलं कुणी नव्हतं. प्रार्थना झाली, पाद्रीबाबा दोन शब्द बोलले, आणि मग त्यांनी बँडकडे बघून मान हलवली.

बझील पियानोपाशी बसला. समोर पाच-सहा पावलांवर शवपेटी होती. पर्सी बास खांद्याला टेकवून उभा, त्याच्या बाजूला डेल्मार. दोघेही त्याच्या हाताकडे बघत होते. बझीलने डावा हात गुडघ्याजवळ नेला आणि एक बोट खाली केलं. पर्सीने मान हलवली. पहिल्या बाकावर एडमीने हात जोडले.

बझीलने चारपर्यंत आकडे मोजले आणि सगळ्यांनी एकदम सुरुवात केली.

असला आवाज त्या चर्चमध्ये कधी झाला नसेल. ट्रम्पेट आणि बास वर, आणि पियानो चार पायऱ्या खाली. बझीलची बोटं काळी एकवर पडली होती. पुढच्या बाकावरचं एक लहान मूल रडायला लागलं. डेल्मार थांबला, पर्सीने हाताने तारा दाबून धरल्या.

"माफ करा," बझील म्हणाला, कुणाला ते त्यालाच माहीत नव्हतं. "पुन्हा."

त्याने पुन्हा एक बोट खाली केलं. या वेळी तो पियानोच्या पट्ट्यांकडे बघत होता. बोटं बरोबर ठेवली, बरोबर सुरुवात केली. पहिली ओळ नीट गेली. दुसऱ्या ओळीला 'बोट सुटली' असे शब्द आहेत, तिथे क्लोतिल्द नेहमी किंचित उशीर करायची. त्या उशिरासाठी तो थांबला, आणि थांबून पुढे गेला तेव्हा डावा हात आपोआप खाली उतरला. पुन्हा तोच आवाज. पन्नास वर्षं पियानो वाजवणाऱ्या माणसाला असं व्हायला नको होतं. दुसऱ्या कुठल्याही गाण्यात झालं नसतं.

पर्सी बास तसाच हातात धरून वाकला. "तू तुझ्या पट्टीत घे," तो हळूच म्हणाला. "आम्ही येतो मागे. आजवर आलोच ना?"

"नको."

"अरे, लोक बघतायत."

"म्हणूनच नको," बझील म्हणाला. त्याने पियानोचं झाकण लावलं. "तुम्ही वाजवा. तिला घेऊन जा."

पर्सी सरळ झाला. त्याने डेल्मारकडे बघितलं. मग दोघांनीच सुरुवात केली, बास आणि ट्रम्पेट, पांढरी चारमध्ये. पियानोशिवाय गाणं उघडंबोडकं वाटत होतं, पण चालत होतं. बोट सुटली, काठ मागे पडला. शाळेतल्या बायका हळूहळू गुणगुणायला लागल्या. शेवटची ओळ आली तशा त्या एकेक करून थांबल्या, कारण तिथवर त्यांचा आवाज जाईना. 'दिवा'पर्यंत डेल्मार एकटाच गेला. सूर वर गेला आणि वरच थांबला, स्वच्छ. बारा वर्षांत तो तिथे कुणी ऐकला नव्हता.

मागच्या बाकावर रूबी काठीवर जोर देऊन उभी राहिली. एडमीने वळून बझीलकडे बघितलं.

बझील लावलेल्या झाकणासमोर बसला होता. मग सहा जण पुढे झाले, त्यांनी शवपेटी उचलली, आणि लोक तिच्या मागे दाराकडे वळले. बझीलचा डावा हात पियानोच्या आडोशाला, नेहमीच्या जागी, गुडघ्याजवळ होता. पाची बोटं खाली. तिकडे कुणी बघत नव्हतं.